काहिलीच्या काठावरचं नाव

मेल आला तेव्हा मी ओरियानाच्या नाकासमोर बोट धरून तिचा श्वास बघत होते. ती अकरा महिन्यांची आहे आणि माझ्या टेबलाशेजारी, गुळाच्या ढेपा भरायच्या मोठ्या खोक्यात, दोन गोधड्यांवर झोपते. झोपलेलं मूल श्वास घेतंच, हे मला माहीत आहे. तुंखा शहरातल्या कॉलेजात चार वर्षं हिशेब शिकून आले आहे मी, अडाणी नाही. तरी दर अर्ध्या तासाने बोट जातंच.

मेल तांबट दॉन प्लासिदोंचा होता. पहिलीच ओळ, ‘काहील तयार आहे.’ मी जवळजवळ ओरडलेच.

आमच्या संघात बावीस घरं. सगळ्यांचा ऊस एकाच गुऱ्हाळात गाळला जातो, आणि गुऱ्हाळाच्या चुलाणावर ओळीने चार काहिली आहेत. पहिल्या तीन पोलादी. शेवटची, जिच्यात पाक गुळाला येतो, ती तांब्याची, आणि ती फेब्रुवारीपासून गळत होती. ठिगळं मारून मारून तिचा तळ गोधडीसारखा झालेला. गूळ काळपट यायला लागला, व्यापारी ढेप हातात घेऊन तोंड वाकडं करायला लागले, तेव्हा कुठे नवी काहील करायला टाकली. निम्मे पैसे आगाऊ दिले. उरलेले निम्मे बँकेत होते, बावीस घरांनी दोन गाळपांचा नफा घरी न नेता ठेवलेले. ते हातचे गेले असते तर दुसरी काहील घ्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

मी मेल पुढे वाचला.

‘मारिसेलताई, कुमारी मातेची तुम्हां सर्वांवर कृपा असो. काहील तयार आहे. ट्रक आज दुपारी तुमच्याच बाजूला निघतो आहे. उरलेली रक्कम बारा वाजायच्या आत भरलीत तर आजच चढवतो, नाहीतर पुढची खेप पंधरा दिवसांनी. आमचं जुनं खातं तपासणीसाठी बंद आहे, तेव्हा खाली दिलेल्या नव्या खात्यात भरावी. माझा फोन पाण्यात पडला आहे. काही विचारायचं असल्यास आमच्या हिशेब विभागाशी खालच्या नंबरवर बोलावं. आपला, प्लासिदो.’

पत्ता त्यांचाच. तळाशी त्यांच्या कारखान्याचं ऐरणीचं चित्र. आणि त्याच्याही खाली माझाच गुरुवारचा मेल जोडलेला: ‘काहील कधी मिळेल? पुढच्या सोमवारी चुलाण पेटवायचं आहे.’ म्हणजे हे माझ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. कुमारी मातेची कृपासुद्धा ते दर पत्रात पाठवतात. तरी ‘नव्या खात्यात’ या दोन शब्दांपाशी मी थांबले.

पण मी तर रोजच कशा ना कशापाशी थांबते. दुधाची बाटली तीनदा उकळणारी बाई मी. जानेवारीत खतवाल्याचा मेल आला होता, तोही मला खोटा वाटला. मी पैसे अडवून धरले, आणि तो खराच निघाला. खतवाला चिडला, आमची पोती दुसऱ्या गावाला गेली आणि आम्हाला तीन आठवडे उशिरा मिळाली. तेव्हापासून संघाचे अध्यक्ष दॉन अब्दोन मला ‘आमची धास्तीबाई’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतातच.

ते आत आले ते हातात काळ्या कॉफीचे दोन पेले घेऊन. मागोमाग खजिनदारबाई दोन्या एर्सिलिया, कमरेला ओला रुमाल खोचून. तिच्याकडे त्या दिवशी मजुरांच्या जेवणाची पाळी होती.

“काय गं, चेहरा असा का? पोरीला ताप?” दोन्या एर्सिलियाने विचारलं.

“नाही. दॉन प्लासिदोंचा मेल आलाय. काहील तयार आहे म्हणतात.”

दॉन अब्दोननी दोन्ही पेले टेबलावर ठेवले आणि टोपी काढली. “तयार? सगळं झालं? काठसुद्धा?”

“काठसुद्धा झाला असणारच की,” दोन्या एर्सिलिया म्हणाली आणि उगाचच खिडकीकडे बघून हसली.

दॉन अब्दोनही हसले, पण भिंतीकडे बघून.

हे काठाचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात नवी काहील चुलाणावर बसते तेव्हा पाद्री येऊन तिच्यावर पाणी शिंपडतात आणि तिला एक माद्रिना असते, म्हणजे मानलेली आई. काहिलीत पहिला रस तीच ओतते. आणि तिचं नाव तांबट काठाच्या आतल्या बाजूला ठोकून काढतो. हे काम अगदी शेवटी, काठ वळवायच्या आधी होतं. एकदा काठ वळला की आत हातोडी जात नाही. काहील तीस-पस्तीस वर्षं चालते, तेवढी वर्षं गुळव्या रोज ते नाव बघतो. त्यामुळे माद्रिना कोण, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे थांबले आहेत.

या वेळी दॉन अब्दोनना त्यांची बायको दोन्या इमेल्दा हवी होती, आणि दोन्या एर्सिलियाला तिची आई दोन्या त्रिनिदाद, जिने चाळीस वर्षं याच चुलाणावर मळी काढली. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत कोणीतरी कोणाच्या तरी कोंबड्यांचा विषय काढला आणि बैठक मोडली. हे दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे आहेत, दॉन अब्दोननी तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याला हातांवर धरलं आहे, म्हणून बोलणं बंद झालं नाही इतकंच.

मग एके दिवशी दॉन अब्दोन एकटेच आले. दार लोटून म्हणाले, “पोरी, प्लासिदोला इमेल्दाचं नाव कळवून टाक. अध्यक्ष मी आहे. बोभाटा नको.” मी म्हटलं, “बघते.” दुसऱ्या दिवशी दोन्या एर्सिलिया आली, ओरियानासाठी विणलेले मोजे घेऊन. “अगं, आईचं नाव कळव गुपचूप. एकदा ठोकलं की कोण काय बोलणार?” मी तिलाही म्हटलं, “बघते.”

आणि मी कोणाचंच कळवलं नाही. बैठकीत ठरेल तेव्हा ठरेल, असं म्हणून बसून राहिले. मला भांडणाची भीती वाटते. घाबरट माणूस खोटं बोलत नाही, नुसता गप्प बसतो, आणि ते पुष्कळदा खोट्याहून वाईट असतं.

आता ते दोघं माझ्यासमोर उभे होते, आपापल्या गुपितावर खूश. दॉन प्लासिदोंनी नावाशिवायच काठ वळवून टाकला की काय, हे मला कळेना.

“भर पैसे,” दॉन अब्दोन म्हणाले. आमच्याकडे पैसे पाठवायची तयारी मी करते आणि ते त्यांच्या फोनवर ‘मंजूर’ दाबतात. त्यांनी फोन काढून चष्मा शोधायला सुरुवातही केली.

“खातं नवीन आहे,” मी म्हटलं. “जुनं बंद आहे म्हणतात. आणि बाराच्या आत भरा म्हणतात.”

“मग साडेदहा झालेत, भर की.”

“खातं बदललं की मला जरा...”

“धास्तीबाई,” दॉन अब्दोन म्हणाले. “खत आठवतं ना?”

“आठवतं.”

“तीन आठवडे! माझा ऊस माझ्याकडे बघून रडत होता.”

“अहो कोम्पाद्रे, पोरीला बोलू तर द्या,” दोन्या एर्सिलिया म्हणाली, पण तीसुद्धा घाईतच होती. “मारिसेल, तुला खात्री करायचीय तर फोन कर आणि मोकळी हो. दिलाय ना नंबर खाली?”

“तोच नंबर नको. तो याच मेलमध्ये आहे.”

“मग काय, दुसऱ्या मेलमधला शोधणार?” दॉन अब्दोननी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत आपल्या फोनवर दाबला, आणि स्पीकर लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. ओरियाना खोक्यात कुशीवर वळली. मी तिच्याकडे बघितलं. श्वास चालू होता.

दुसऱ्याच घंटीला एका बाईचा आवाज आला, गोड, मऊ. “हिशेब विभाग, बोला.”

“प्लासिदोकडे विभाग कधीपासून झाले?” दोन्या एर्सिलिया कुजबुजली.

“माणूस वाढतो, कोमाद्रे,” दॉन अब्दोन कुजबुजले, आणि मोठ्याने म्हणाले, “ताई, आम्ही गुळाच्या संघातून. काहिलीचं खातं खरंच बदललंय का?”

“हो दादा, तपासणी चालू आहे ना. नव्याच खात्यात भरा. ट्रक उभाच आहे बघा तुमच्यासाठी.”

दॉन अब्दोननी माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. झालं समाधान?

माझं झालं नव्हतं. दॉन प्लासिदोंना फोन लावला की आधी ठोकाठोकी ऐकू येते, मग शिवी, मग ‘थांब रे जरा’, मग ते. इथे मागे एक पानसुद्धा हलत नव्हतं. पण शांतता हा काही पुरावा नाही. फोन वेगळ्या खोलीत असू शकतो. मी पुढे वाकले आणि स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात विचारलं, “ताई, काठावर नाव कोणाचं घातलंय?”



“नाव ना?” बाई म्हणाली. “तुम्ही कळवलंत तेच. अगदी सुरेख आलंय. बघाल तेव्हा खूश व्हाल.”

दॉन अब्दोन मिशीत हसले. दोन्या एर्सिलियाने छातीवर क्रॉस केला आणि डोळे मिटले. दोघांच्या चेहऱ्यावर एकच उजेड, आणि मी मधे, थंडगार.

“बाराच्या आधी भरतो,” म्हणून दॉन अब्दोननी फोन बंद केला. “चल पोरी. तयार कर.”

“दॉन अब्दोन, हे खोटं आहे.”

“आता काय झालं?”

“ती म्हणते, कळवलंत तेच नाव. मी नाव कळवलेलंच नाही.”

बाहेर चिपाडं ओढणाऱ्या खेचराची घंटा वाजत होती.

“म्हणजे इमेल्दाचं...” दॉन अब्दोन बोलून बसले.

दोन्या एर्सिलियाने मान वळवली. “इमेल्दाचं काय?”

“काही नाही.”

“इमेल्दाचं काय, कोम्पाद्रे?”

“तुम्ही दोघांनी मला गुपचूप सांगितलं होतं,” मी म्हटलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. “तुम्ही इमेल्दाबाईंचं सांगितलंत आणि तुम्ही त्रिनिदादआजींचं. मी दोघांना ‘बघते’ म्हटलं आणि कोणाचंच पाठवलं नाही. भ्याले मी. चूक माझी, हवं ते बोला मला. पण नाव गेलं नाही, तर काठ वळलेला नाही. काठ वळला नाही, तर काहील तयार नाही. मग हे पैसे कोण मागतंय?”

मला वाटलं होतं, आता आकाश कोसळणार. दॉन अब्दोनचे कान गाजरासारखे लाल झाले होते.

“मोजे दिलेत मी हिला,” दोन्या एर्सिलिया म्हणाली.

“मी तर मोजेही दिले नाहीत,” दॉन अब्दोन म्हणाले. “नुसता अध्यक्षपणा केला.”

आणि ती फसकन हसली. एवढंच. दोन आठवड्यांची माझी झोप त्या एका हसण्यासाठी गेली होती.

मी फायलीतून आगाऊ रकमेची पावती काढली. ती दॉन प्लासिदोंनी मार्चमध्ये स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. वर छापलेला त्यांचा जुना नंबर, कोपऱ्यात तेलकट अंगठ्याचा ठसा. तो नंबर लावला. वाजला, वाजला. मग ठोकाठोकी. मग शिवी. मग, “थांब रे जरा! कोण?”

इतक्या आवडीने मी कोणाची शिवी कधी ऐकली नसेल.

“मारिसेल बोलतेय. तुमचा फोन पाण्यात पडला का हो?”

“कशाला पडेल? पाण्याजवळ जायला वेळ आहे कोणाला?”

“काहील झाली का?”

“अगं बाई, कशी होईल! बारा दिवस काठ उघडा टाकून बसलोय मी. नाव द्या की! इथे पोरं त्या काहिलीत बसून डबा खातात आता.”

दॉन अब्दोननी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा सापडला होता, तो त्यांनी काढून ठेवला. हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला, जणू त्यातून काही बाहेर येईल.

मी दॉन प्लासिदोंना मेल वाचून दाखवला. ते म्हणाले, “माझ्या नावाने? माझ्या कुमारी मातेसकट?”

“तुमच्याच मेलच्या पेटीतून आलाय. कोणीतरी तुमचा पासवर्ड मिळवून आत बसलंय आणि आपली पत्रं वाचतंय. आणखी कोणाचे पैसे यायचे आहेत तुमचे?”

“तिघांचे.”

“त्यांना आत्ता फोन करा. मेल नको, फोन. आणि पासवर्ड बदला.”

“तो कसा बदलतात?”

तिकडे हातोड्या थांबल्या. पुढची वीस मिनिटं मी त्यांना एकेक पायरी सांगत होते: वर उजवीकडे बघा, नाही, तुमच्या उजवीकडे, हां, तिथे दाबा. शेवटी नवा पासवर्ड टाका म्हटलं तर ते साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “टाकला! तांबडागाढव, सगळं जोडून!”

“दॉन प्लासिदो, तो कोणाला सांगायचा नसतो.”

“तू काय कोणी आहेस का?”

“इथे आम्ही तिघं आहोत.”

“आणि माझ्याकडे सात,” ते म्हणाले. “बरं, दुसरा टाकतो. हा चांगला होता पण.”

मग मी बँकेला फोन केला, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. तिथल्या बाईने नवं खातं लिहून घेतलं, मेल कुठे पाठवायचा ते सांगितलं, तक्रारीचा क्रमांक दिला. म्हणाली, पैसे जायच्या आधी फोन करणारे थोडे असतात. मी मेल छापून फायलीला लावला. कागदाला भोकं सरळ पडली.

“कोम्पाद्रे,” मागे दोन्या एर्सिलिया म्हणत होती, “इमेल्दाचं नाव घाला. आईला डोळ्यांनी दिसतंय कुठे आता.”

“दिसत नाही म्हणून काय झालं? बोटांनी चाचपेल. तिचंच घालायचं. मळी इमेल्दाने नाही काढली चाळीस वर्षं. इमेल्दाला मी सांगतो.”

“सांगाल?”

“सांगतो म्हटलं ना. आज नाही, पण सांगतो.”

त्यांचं मन बदलायच्या आत मी दॉन प्लासिदोंना पुन्हा फोन लावला आणि नाव कळवलं. शुक्रवारी काहील पोचवतो म्हणाले, ट्रकबरोबर स्वतः येतो, पैसे काहील बघून जुन्या खात्यात भरा.

सव्वाबाराला दुसरा मेल आला. दॉन प्लासिदोंच्या पेटीतून नव्हे, ती आता त्या चोराला बंद झाली होती. कुठल्याशा अनोळखी पत्त्यावरून. ‘कुमारी मातेची कृपा असो. रक्कम अजून दिसत नाही. निघाली का?’

दॉन अब्दोन ताडकन उठले. “लिही. मी सांगतो. ‘अरे हरामखोरा...’”

“लिहायचं नाही.”

“लिही गं, ‘तुझी काहील तुझ्याच डोक्यावर...’”

“‘आणि त्यात उकळता पाक,’” दोन्या एर्सिलियाने भर घातली. “‘मळी न काढलेला.’”

“उत्तर द्यायचंच नाही,” मी म्हटलं. “उत्तर दिलं की त्याला कळतं, इथे कोणीतरी वाचतंय, बोलतंय. मग तो उद्या दुसरं काही घेऊन येतो.”

“म्हणजे त्याला काहीच नाही मिळणार? शिवीसुद्धा नाही?”

“शिवीसुद्धा नाही.”

दॉन अब्दोननी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “हे कठीण आहे,” ते म्हणाले. “पैसे न देणं सोपं होतं.” मग पडद्याकडे तोंड करून त्यांनी जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. कॉलेजात शिकवलं नव्हतं असं बरंच होतं त्यात. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचं झाल्यावर मी तोही मेल बँकेकडे पाठवला आणि पेटी बंद केली.

एवढ्या आवाजाने ओरियाना जागी झाली आणि खोक्याच्या काठाला धरून उभी राहिली. दोन्या एर्सिलियाने तिला उचललं, कमरेवर बसवलं.

“ही माझ्याकडे. तू जेव आधी. आज रस्सा मी केलाय, मक्याची कणसं घातलीत.”

“तिला ऊन नको, आणि चुलाणाजवळ...”

“चार वाढवलीत मी.”

दॉन अब्दोननी स्वतः जाऊन वाडगा आणला, वर कोथिंबीर, बाजूला आरेपा, आमची मक्याची जाड भाकरी. तो माझ्यासमोर ठेवला आणि माझी थंड झालेली कॉफी उचलून खिडकीबाहेर ओतली. ओरियाना बाहेर कोणाला तरी बघून खिदळत होती. खेचराला असेल. मी उठून बघायला गेले नाही. वाडगा दोन्ही हातांनी धरला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच रस्सा इतका गरम होता की फुंकर मारावी लागली.